वीस मिनिटांची फेरी

"जाळं उघडलं की दर वीस मिनिटांनी फेरी. आभाळ कोसळलं तरी," तळ्याकाठी पक्षी धरून त्यांच्या पायात वाळे घालायला शिकवताना सर तिला बजावायचे. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. "दहा मिनिटं इकडंतिकडं झाली तर काय बिघडतं, सर?" जाळ्यातून उशिरा सोडवलेला एक वटवट्या पक्षी सरांनी तिच्या तळहातावर ठेवला. वजन जवळजवळ नाहीच, आणि मान लुळी. पुन्हा तिनं कधी उशीर केला नाही.

बाळ झाल्यावर मात्र ती तळ्याकडं फिरकलीच नव्हती. सरांचा एक मिस्ड कॉल नऊ दिवस तसाच पडून होता. बाळ झोपलं की करू, असं ती रोज म्हणायची. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची.

आज बाळाला पोटाशी बांधून ती आली, तर जाळी उघडी. दोन पक्षी धडपडत होते. हात सवयीनं चालले, दोघांना तिनं सोडवून उडवलं. तिसरा उलटा लटकलेला. थंडगार. पायात नंबराचा जुना वाळा, सरांनीच घातलेला. "वाळा म्हणजे विचारपूस," सर म्हणायचे. "कुठल्या कुठं कुणीतरी नंबर वाचतं, हा जिवंत आहे म्हणून कळवतं. तेवढ्यासाठी याला धरायचा त्रास द्यायचा. माझ्या पायात वाळा नाही, मला कोण विचारतंय!" आणि स्वतःच हसायचे.

तिचं डोकं फिरलं. मला धडे देणारे स्वतः चहा ढोसत बसलेत वाटतं! आज चांगलं फैलावरच घेते.

चार पावलं टाकली आणि ती थबकली. सरांना उशीर?

ती सरांच्या कामाच्या शेडकडं धावत सुटली. सर टेबलाखाली पडले होते. पाय भलतीकडंच वळलेला, ओठ कोरडे.

"सर! कधी पडलात?"

"उजाडताना... पहिल्या फेरीला निघालो होतो." त्यांनी डोळे उघडले. "किती गेले?"

"एक."

"आधी जाळी बंद कर."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. तिनं अँब्युलन्सला लावायला फोन काढला. पडद्यावर तो नऊ दिवसांचा मिस्ड कॉल अजून तसाच होता.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा नंबर असेल. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेलीत. जरा फेरी मारून या.