स्टुलाचा पाय
दुसऱ्या लाथेला बेडरूमची कडी उखडून फरशीवर पडली. उज्वलाने खांद्याने दार थोपवलं. "बाहेर ये! आज तंगडंच मोडतो!" नवरा पलीकडून गरजला. तिच्या फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं, लेक पाठीला चिकटली होती. दार आपटू नये म्हणून ठेवलेली सागाची पाचर तिने पायाने दाराखाली सारली. सातपूरच्या शाळेत सुतारकामाच्या तासाला तिने स्टुलाचा पाय तिरका कापला, तेव्हा वर्ग खिदळला होता. सरांनी मात्र तिला रंधा धरायला शिकवून त्याच तुकड्याची ही पाचर करून घेतली. भुशाच्या गोड वासात ते म्हणाले होते, "पोरी, गंमत बघ. समोरचा जेवढं ढकलेल, तेवढी ही घट्ट बसते." तिसरी लाथ आदळली. पाचर करकरली, दार हललं नाही. आजवर उलट न बोललेली उज्वला ओरडली, "मार! अजून जोरात मार!"