सोवळं आणि बगळे

कल्याणच्या तळ्याकाठी त्र्यंबकभटजींच्या अंगणात चिंचेचं मोठं झाड होतं. वर बगळ्यांची वस्ती आणि खाली दोरीवर भटजींचं सोवळं. रोज त्यावर वरून प्रसाद पडायचा. मग भटजी रॉकेलचा रिकामा डबा बडवत झाडाभोवती फिरायचे. "मेल्यांनो, टळा एकदाचे इथून!" सुरुवातीला सगळा थवा तळ्यापार उडायचा, पुढे पुढे चारदोनच उडायचे. भटजींनी मात्र दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही.

अठ्ठेचाळीस सालचं वादळ आलं त्या संध्याकाळी चिंचेच्या बुंध्याशी जमीन उकलू लागली. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर मुळं वर उचलली जात होती. बगळे पंखांत माना खुपसून फांद्यांना चिकटून बसले होते.

"अहो, आत या! झाड अंगावर येईल," उमाबाई दारातून ओरडल्या.

"आधी तो डबा दे!"

"आज कसलं सोवळं घेऊन बसलात?"

"सोवळं गेलं खड्ड्यात! झाड पडायच्या आत उठवायला हवं त्यांना. तळ्यापलीकडचा वड भक्कम आहे."

भटजींनी डबा जीव खाऊन बडवला. मुळाशी काहीतरी काडकन मोडलं.

"उठा रे, बाबांनो! उठा!"

अगदी खालच्या फांदीवरच्या बगळ्यानं मान बाहेर काढून खाली पाहिलं. रोजचेच भटजी होते, रोजचाच डबा होता. त्यानं मान पुन्हा पंखांत खुपसली.