बोट काढा

धाकटा भाऊ आवाराच्या दुसऱ्या टोकाला, टाकीच्या तोंडाशी उभा होता. टाकीतली हवा तपासली की अहवाल कंपनीच्या मोबाईलवर येई. मी तो वाचून पडद्यावर अंगठा लावायचा आणि मगच त्याने आत उतरायचं, अशी रीत. आत विषारी वायू साचतो.

अहवाल आला, पण उघडेना. "फाईल खराब आहे" एवढंच दिसत होतं.

मी टेबलावरच्या फोनवरून कंपनीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या बाईंना गाठलं. माझ्या मोबाईलचा पडदा त्यांना तिथे बसून दिसतो.

"फाईल रुसलीय, काका. मोबाईल खाली ठेवा, मी बघते."

मी ठेवला.

"आता बोट काढा."

"बोट कुठलं? हात मांडीवर आहे माझा."

"चेष्टा पुरे हं. पडदा सरकवताय, मला दिसतंय की."

खोलीत मी एकटाच होतो.

"उघडली बघा. अंगठाही लावलात? अहो काका, हवा वाईट लिहिलीय यात!"

तेवढ्यात मोबाईल वाजला. मी हात लावायच्या आत कॉल घेतला गेला, स्पीकरही लागला.

"दादा, परवानगी आली. उतरतो मी."

"थांब! उतरू नकोस!" मी मोबाईलवर ओणवा होऊन ओरडलो.

"दादा? बोल की. काहीच ऐकू येत नाही."

लोखंडी शिडीवर त्याचे बूट वाजू लागले.

कानाशी धरलेल्या फोनमधून बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही आपलाच आवाज का बंद केलात?"