पुढंमागं इंजिनाचं विमान

गळ्यातल्या हारांआड तोंड लपवून व्यंकट पायाकडं बघत बसला होता. औरादच्या बाजारकट्ट्यावर त्याचा सत्कार चालला होता, आणि त्याला वाटत होतं, उठावं, गॅरेजात जावं अन् शटर ओढून घ्यावं.

जुन्या मोटारींची दोन इंजिनं, एक पुढून ओढायला, एक मागून ढकलायला. असलं विमान तो बनवत होता तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. हसणाऱ्यांचा आणि आज हार घालणाऱ्यांचा हिशेब मांडला असता, तर माणसं तीच निघाली असती.

माळावर ते नुसतंच पळायचं. मागचं इंजिन तापून बंद पडायचं. व्यंकटनं गादी काढली, सायलेन्सर काढले, स्वतःचं रात्रीचं जेवण सोडलं. चाकं काही जमीन सोडेनात.

परवा मात्र ते तुरीच्या शेंड्यांवरून गेलं आणि तुळजाअक्काच्या कडब्याच्या गंजीत घुसून मोडलं. रस्त्यावरून बघणारे लोक धुरळ्यातून पळत आले, तर व्यंकट तुरीत पालथा, तळहात सोललेले.

"वरून माझं घर दिसलं का रं?" सत्काराला आलेल्या तुळजाअक्कानं कट्ट्याखालून विचारलं.

"धुरळ्यात काय दिसतंय, अक्का."

"घाबरला असशील की!"

"ते हातातून सुटलं, तवा लई घाबरलो."

लोक हसले. ज्यांच्या माळावर विमान पळायचं, ते राघोबाअप्पा उठले. "मोडलं म्हणून लाजायलास व्हय? उडालं की गड्या! दुसरं बनव. माळ तुझाच. फकस्त माझी नात आधी बसंल."

पुढंच बसलेल्या स्नेहाचे डोळे लकाकले. "काका, कधी जायचं?"

व्यंकटनं हारांतून तोंड वर काढलं. "न्हाई अप्पा. पोरीला बसवायचं न्हाई."

"कामून?"

व्यंकट हारातली फुलं कुस्करत राहिला. स्नेहाचं तोंड एवढंसं झालं.

"बघा वो," मागून कुणीतरी बोललं, "एकदा वर जाऊन आला, आता खालची माणसं दिसंनात त्याला!"

"मग माळ बी न्हाई," अप्पा म्हणाले आणि नातीचा हात धरून चालू लागले.

व्यंकटनं त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. परवा माळावर मागचं इंजिन पुन्हा बंद पडलं होतं, पंखा हातानं फिरवायला तो खाली उतरला होता, आणि इंजिन चालू होताच विमान त्याला तिथंच टाकून रिकामंच उडालं होतं.