नवरात्रातली खोली

नवरात्राआधी तुळजापूरची देवी निद्रेला गेली, की शामलाच्या आईची झोप उडायची. कारण घरमालक दारात येऊन उभे राहायचे. "वहिनी, यात्रेकरू यायचेत. दसऱ्यापर्यंत तेवढी खोली मोकळी करा." मग आई मुकाट्यानं भांडी गोणीत भरायची, अंथरुणांची वळकटी बांधायची आणि सगळं बिऱ्हाड शाळेच्या व्हरांड्यात मुक्कामाला जायचं. दरसालचंच होतं ते.

कचेरीत कारकून असलेल्या वडिलांनी सरकारी कमी भाड्याच्या खोलीसाठी अर्ज करून ठेवला होता. "नाना, आपला नंबर लागला का हो?" असं शामलानं विचारलं, की ते हसायचे. "लागेल गं. देवीसुद्धा रांगेत उभं केल्याशिवाय दर्शन देत नाही."

शामला मॅट्रिकच्या वर्गात गेली, तेव्हा कुठं नंबर लागला. खोली गावाच्या पार टोकाला होती, पण कुलूप आपलं होतं! शामलानं किल्ली गल्लीभर मिरवली. "आता आम्हाला कुणी उठवायचं नाही!"

भाद्रपद सरत आला. एक दिवस शामला शाळेतून आली, तर आई नव्या खोलीच्या पायरीवर बसली होती. शेजारी भरलेली गोणी होती आणि बांधलेली वळकटी.

"अगं आई, ही आपली खोली आहे! इथं कुणी यायचं नाही!"



"ठाऊक आहे गं," दाराकडं न बघता आई म्हणाली, "पण आत बसवंना."