पाव खाणारं भूत

पेडण्याच्या सरकारी इस्पितळात दिवसभर अपघातांच्या जखमा बांधणाऱ्या क्षमाला बघायला तिसरं स्थळ आलं होतं. "चेडवा, ता पुस्तक लपव," असं आईने बजावूनही तिने ते मुद्दाम सोप्यावरच्या बाकावर ठेवलं. मोठी माणसं आत गेल्यावर वास्कोच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या प्रज्योतने ते उचललं. "कसली गोष्ट?" "एक चेटकीण गावात बेकरी काढता. रोज एक भूत पाव खावक येता. दोघांचा जमता." "मग?" "मग काय नाय. कोण मरत नाय, कोणाक लागत नाय." आधीचे दोघे एवढ्यावरच हसले होते. प्रज्योत मात्र विचारात पडला. "पण भूत पाव खाता कसा?" त्याने गंभीरपणे विचारलं. चार वेळा वाचलेल्या पुस्तकाबद्दल तिला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. आतून हाक आली. क्षमा उठली नाही. "बसा," ती म्हणाली, "सुरवातीपासून सांगतंय."