नवी रवी

“बस आणि फिरवून बघ,” फिटर म्हणाला आणि त्यानं यंत्रावरचं फडकं काढलं.

त्याची बायको टेबलाशी बसली. उजव्या मुठीत रबरी चेंडू होता, तो तिनं डाव्या हातानं काढून मांडीवर ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात नुसता खांद्याला लटकलेला. चेंडू दाबत राहा, हात येईल, असं तिला ज्यानं त्यानं सांगितलेलं. ती बिचारी दाबायची. दाबायची म्हणजे काय, दात-ओठ खायची. चेंडू होता तसाच राहायचा.

तेव्हापासून घरात घुसळण बंद. मी घुसळतो, असं धाकटा दीर एकदा म्हणाला, तर तिनं डोळे वटारले. “हात आला की मी बघीन. माझ्या रवीला कुणी शिवायचं नाही.” तिच्या रवीला दोरी होती, आणि दोरी ओढायला दोन हात लागतात.

आणि आता हे समोर. स्टीलचा डबा, टेबलाच्या कडेला स्क्रूनं असा आवळलेला की बैलानं ढुशी दिली तरी हलायचा नाही. वर मोठं दातेरी चाक, त्याच्या दात्यांत अडकलेलं छोटं चाक, छोट्या चाकाला रवी. दांडा एकदा फिरवला की रवी आत चार गिरक्या घेणार. झाकण अर्ध्यातून उघडणारं. खिट्टी अंगठ्यानं दाबली की टपकन वर.

डब्यात फिटरनं आधीच साय भरून ठेवली होती. तिनं डाव्या हातानं दांडा धरला आणि फिरवला. चाकं गुपचूप फिरली, कुठे खडखड नाही की करकर नाही. तिच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं.

“अगं बाई! हे तर लोण्यासारखंच फिरतंय.”

“मग! दात घासायला दोन रविवार गेले,” फिटर म्हणाला. “चाकाचे. माझे नव्हे.”

धाकट्याला चेव आला. “दादा, पंप दुरुस्त करण्यात तू जन्म फुकट घालवलास बघ. वहिनी, मजा आहे तुझी! एका हातानं घुसळायचं आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायचा.”

बोलून गेला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. कुणी हसलं नाही. ती फिरवत राहिली. आधी साय पचपचत होती, मग जड झाली, मग आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दांडा एकदम हलका लागला.

“आलं लोणी,” ती म्हणाली. झाकण न उघडता म्हणाली.

मग हात थांबवून ती यंत्राकडे बघत बसली. डबा धरायला नको. झाकण धरायला नको. तिनं खिट्टी अंगठ्यानं दाबून बघितली, परत लावली, परत दाबली. हसू कुठे गेलं ते कळलंच नाही.

“अहो, दांडा डावीकडे का बसवलात?”

“तुला सोपं पडेल म्हणून.” फिटर स्क्रू आवळायला वाकला. तो आवळलेलाच होता. “आत्तापुरतं गं.”

दांडा ज्या कडीत फिरत होता, ती कडी डब्याला जिथे जोडली होती तिथे तिनं बोट फिरवलं. इतकी वर्षं फिटरच्या घरात काढलेली बाई, तिला काय शिकवायचं.

“आत्तापुरतं असतं तर तुम्ही बोल्ट लावला असता. हे वेल्डिंग आहे.”

फिटरनं मान खाली घातली. एरवी पंपाच्या मालकालाही तोंडावर चार शब्द सुनावणारा गडी.

“मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे एकटेच गेलात. काय म्हणाले?”

“व्यायाम चालू ठेवा म्हणाले.”

“हाताचं काय म्हणाले?”

धाकटा उगाच भिंतीकडे बघायला लागला. फिटरनं दांड्यावर हात ठेवला, जसा एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

“वेल्डिंग कापता येतं,” तो म्हणाला. “उद्याच कापतो. उजवीकडे बसवतो.”

तिनं मांडीवरचा चेंडू उचलून टेबलावर ठेवला.

“नको,” ती म्हणाली. “चांगलं झालंय. राहू दे.”

मग तिनं झाकण उघडलं, आत हात घातला आणि लोण्याचा गोळा वर काढला. पांढराशुभ्र, ताक निथळणारा. आता तो या तळहातावरून त्या तळहातावर थापटून त्यातलं पाणी काढायचं. सवयीनं तिचा उजवा खांदा पुढे आला. हात आला नाही. गोळा डाव्या तळव्यावर तसाच राहिला.

याचं काही यंत्र फिटरनं केलं नव्हतं. त्यानं नुसता आपला हात पुढे केला, तिच्या हातासमोर.

“शी! ग्रीस आहे हाताला,” ती म्हणाली. “धुऊन या आधी.”

तो आत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलेलं. गोळा मऊ पडायला लागला. मनगटावरून एक ओघळ निघाला, मग दुसरा.

“वहिनी, दे इकडे. मी दाबतो.”

“राहू दे.”

नळ वाहतच होता. नुसताच वाहत होता. पाण्यात हात चोळल्याचा आवाज काही येत नव्हता. लोणी पाघळून तिच्या कोपरापर्यंत आलं. शेवटी धाकट्यानं खुर्ची मागे सारली.

“एवढा वेळ काय करतोय हा? बघून येतो.”

“बसा भाऊजी,” ती म्हणाली. “ग्रीस लवकर निघत नाही.”